सूर सरळ करताना

कादिक्योयच्या तळघरात, बेकरीच्या खाली,
भट्टी पेटली की आमच्या भिंती ऊबदार होतात
आणि तिळाच्या वासात मी गाणी दुरुस्त करतो.

या खेपेला कॅसेट एर्झिंजानची.
गाणारी शेहरिबान हाला, माझ्या बापाची थोरली बहीण.
गाणं तिच्या आजीच्याही आधीचं:
घाट ओलांडून गेलेला मेंढपाळ,
दारात वठलेली तुती,
आणि एक बाई, जी वाटेला शिव्या घालते, त्याला नाही.

ज्युलिदे म्हणाली, पोरांना नाचता आलं पाहिजे.
मी खालून विजेचा ढोल घातला,
बाग्लामाच्या तारांचं ताणून ताणून धुकं केलं,
खोकला कापला.
तिसऱ्या कडव्याआधीची शांतताही कापली,
चौदा सेकंद, नुसती चमच्याची किणकिण.
एक सूर होता, कोमल म्हणावा तर चढा,
शुद्ध म्हणावा तर पाय घसरलेला;
यंत्राने त्याला कान धरून रांगेत उभं केलं.
छान झालं. इस्त्री केल्यासारखं.

गुरुवारी हाला आली, डॉक्टरला गुडघा दाखवायला.
हेडफोन तिने रुमालावरूनच चढवले,
जर्दाळूंची पिशवी मांडीवर,
आणि डोळे उघडे ठेवून ऐकलं,
कुणी विजेचं बिल वाचून दाखवावं तसं.

मला वाटलं, रडेल.
निदान रागावेल.

"ढोल चांगला आहे," ती म्हणाली.
"पण तो इतक्या झपाझप नाही रे गेला."

कोण, मेंढपाळ?

"मेंढपाळ कुठला! सेलामी.
डुइसबुर्गला, पोलादाच्या कारखान्यात.
आधी दर पंधरवड्याला पत्र.
मग महिन्याला. मग बैरामला.
मग नुसता फोटो, मोटारीला टेकलेला,
मागे तारीख, तीही दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
त्याला जायला अकरा वर्षं लागली.
तू साडेतीन मिनिटांत पोचवलंस."

जर्दाळूची बी तिने माझ्या मिक्सरवर ठेवली.
मग पडद्यावर बोट टेकवून,
नेमकं कुठे ते तिला कसं कळलं देव जाणे,
"इथे मला कुणी काखेत हात घालून उचललंय?
सोड. पडू दे."

रात्री ते चौदा सेकंद परत जोडले.
सूर सोडला, तो आपल्या जागी जाऊन घसरला.
ज्युलिदेचा फोन: अरे, इथे पोरं नाचायची थांबतील!
थांबतील, मी म्हणालो.

वर पहिली कणीक आपटल्याचा आवाज.
ढोल मात्र ठेवलाय.
हालाला आवडला होता.