चौथा पेपर

हॉलमध्ये आज एकच बाक.
एरवी दीडशे असतात, त्यांच्या
खडूच्या खुणा अजून आहेत जमिनीवर.
एक बाक, एक मुलगी, एक घड्याळ
आणि मी, तासाला बारा पौंडांवर
तिच्याकडे नुसतं बघत राहायला नेमलेली.

नियम आहे म्हणून मोठ्यानं वाचलं सगळं:
परीक्षार्थींनी एकमेकांशी बोलू नये.
डोविले हसली. मीही.
मग तिच्या बाटलीवरचा कागद काढलाय का पाहिलं
आणि म्हटलं, करा सुरू.

हे बॉस्टन. ते नव्हे, समुद्रापलीकडचं,
मोठ्या विद्यापीठांच्या शेजारचं.
हे कोबीचं.
जमीन इतकी सपाट, की चर्चचा एक मनोरा
चार गावांना पुरतो दिशा दाखवायला.
तिची आई लिथुआनियाहून आली ती थेट पॅकिंग शेडमध्ये.
पहाटे चारला उभी राहते,
बाहेरची पानं सोलते, गड्डा पुढे सरकवते.
या पेपरची फी त्यातून गेली.
शाळा हा विषय शिकवत नाही,
एका मुलीसाठी कोण ठेवतंय शिक्षक?
उच्च गणित ती लायब्ररीत शिकली,
हीटरशेजारच्या टेबलावर, दोन हिवाळे.

चौथ्या विषयावर इथं प्रत्येकाला मत आहे.
फिजिक्सचे हारगेट सर म्हणाले,
तीन कर, नीट कर, झोप काढ.
विद्यापीठाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं:
तीन पुरेत, चौथ्याला वेगळं वजन नाही.
त्याच पानावर हिरवळीत हसणारा मुलगा,
खाली बारीक अक्षरांत त्याचे विषय.
मोजले मी. चार.
बुद्धिबळातली तिची मैत्रीण, फीच्या शाळेतली, म्हणाली,
आमच्याकडे सगळेच घेतात, वेळापत्रकातच असतो.
म्हणजे तिथं तो जास्तीचा नाहीच.
जास्तीचा फक्त आमच्या गावात.

मला काय कळतंय त्यातलं.
मी सव्वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत,
काट्यावर ठेवायचं आणि तिकीट सांगायचं.
शितावरून भाताची परीक्षा, कबूल;
पण आणखी एक शीत पुढे केलं
म्हणून भात जास्त शिजलेला ठरतो?
की झाकण उघडायच्या आधीच
पंगत बसलेली असते?

जानेवारीत तिला नकार आला.
(ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, सांगायला नको होतं.)
चार ओळी. त्यांत चौथ्याचा उल्लेख नाही,
तिघांचाही नाही.
लीड्सला जागा आहे, तिथं तीनच मागितलेत.
आणि आता जून.
आजचा हा पेपर
जगात कुणीच मागितलेला नाही.

मग आलीस कशाला, हे विचारायची मला परवानगी नाही.
मला उभं राहायची परवानगी आहे,
रबरी तळव्यांच्या बुटांत, आवाज न करता.
पाऊण तास ती एका प्रश्नावर अडली.
पेन आडवं ठेवून छताकडे बघत बसली,
तिथं बॅडमिंटनचं एक फूल अडकलंय, कधीपासून.
मग खाली वाकली ती वाकलीच.

पुरवणीसाठी हात वर केला तिनं,
अख्ख्या हॉलमध्ये एकटी असून,
रांगेत पुढे अजून कुणी असावं तसा.
मी पूर्ण हॉल चालत गेले.

पाच मिनिटं उरली, मी रिकाम्या हॉलला सांगितलं.
तिनं मान वर केली नाही.

जाताना दारात थांबली, म्हणाली,
"सातवा फार छान होता."
एवढंच. आणि सायकलचं कुलूप शोधत गेली.

मी तक्ता भरला.
हजर एक. गैरहजर शून्य.
पाकीट चिकटवलं, शिक्क्यावर सही केली,
आणि सवयीनं तळहातावर तोलून पाहिलं.
शंभर ग्रॅमच्या वर.
अडीचशेच्या आत.