खाते

शुवैखच्या वाचनालयात एसी इतका गार
की मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते
आणि नव्वद सालचा ऑगस्ट उलगडते.

खोका अकरा. हॉटेलची बिले.
सात महिने एक देश
दुसऱ्याच देशातल्या डोंगरी गावात
चौथ्या मजल्यावर राहत होता.
खोली ४०७ अर्थखाते. ४०९ परराष्ट्र.
४११ मध्ये इस्त्रीचे टेबल, म्हणून ती कुणी घेईना;
शेवटी टपालखात्याच्या गळ्यात मारली.
मला हसू फुटते. ग्रंथपाल मान वर करतो.

शाळेत आम्हाला जिंजी दोन ओळींची होती.
गड पडले, राज्य दक्षिणेत हलले,
आणि बाईंनी पान उलटले.
कुणी विचारले नाही,
त्या परक्या किल्ल्यात पहिल्या रात्री
शिक्क्यासाठी लाख कुठून आणली,
हातातून गेलेल्या गावांची वतने लिहून देताना
कारकुनाचा बोरू अडखळला का.

इथेही शिक्का मागेच राहिला होता.
गनीमाबाई सांगतात. तेव्हा त्या चोवीसच्या, टंकलेखिका.
(माझ्या मराठी कानाला त्यांच्या नावात आधी शत्रू ऐकू येतो.
त्यांना सांगितले, तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.)
"बाजारातून नवा करून आणला, एका दिवसात.
कारागिराने एक अक्षर उलटे कोरले.
सात महिने तेच उलटे अक्षर उमटवत राहिलो,
आणि जगाने ती पत्रे मानली."

परागंदा, विस्थापित, निर्वासित:
प्रबंधात हे तीन शब्द वेगळे ठेवायचे आहेत.
मार्गदर्शक म्हणतात, आधी व्याख्या करा.
मग अब्बांना कुठे बसवू?
शरफुद्दीन मुकादम, राहणार बाणकोट,
सालमियात तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी बकाला.
बसरा, बगदाद, जॉर्डनच्या वाळूत अकरा रात्री,
मग विमान.
सरकारी यादीत ते नुसते "परत आलेले",
जणू सुट्टीवरून.

वाटेत घड्याळ विकले. अंगठी पाण्यापायी गेली.
उधारीची वही तेवढी पोटाशी बांधून आणली.
अम्मी चिडली, एवढ्या जागेत खजूर तरी मावला असता.

खाडीकडे तोंड करून, ओटीवर,
रोज मगरीबनंतर ते वही उघडत.
रेडिओ म्हणाला, तिकडचा दिनार रद्द झाला.
अब्बांनी पेन्सिलीचे टोक जिभेला लावले
आणि दिनार-फिल्समध्येच बेरीज पुढे नेली.
मी सहा वर्षांची. विचारले, कुणासाठी?
म्हणाले, गिऱ्हाइके आहेत. येतील.

काल ती वही गनीमाबाईंपुढे ठेवली.
पान बत्तीस, मुंग्यांच्या पायांचे मराठी:
निळे दार, टायपिंगवाली मुलगी.
साखर, लबनचे डबे दोन, शाई एक.
१ दिनार ८५० फिल्स. एक ऑगस्ट.
मी अरबीत वाचून दाखवले.
बराच वेळ त्या काचेबाहेरची गाडी धुणारा माणूस बघत राहिल्या.
"साखर आईने नेली असेल. मी बिनसाखरेचा पिते."
मग पर्स उघडली.
मी नको म्हटले. का, ते नीट सांगता आले नाही.
वारस आहे मी,
पण खाते बंद करायचा अधिकार माझ्याकडे नाही.

पान चाळीसपासून हवल्लीची गिऱ्हाइके लागतात.
उस्ताद वजीह, गणिताचे मास्तर, मूळ गाव हैफा.
३ दिनार २००. वह्या, चहा, मुलीसाठी रंगखडू.
सगळे खोके उपसले मी, त्यांचे नाव कशात नाही.
दुसऱ्यांदा घर सोडणाऱ्यांची
वेगळी फाईल ठेवायची पद्धत नसावी.

ब्याण्णवला दुकान पुन्हा उघडल्यावर
अब्बांनी त्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिले आहे:
चौकशी केली. दाराला कुलूप. पत्ता लागल्यास कळवणे.

कुणाला कळवणे, ते लिहिलेले नाही.