पाच, सात

एस्किल मोजतो : एक, दोन, तीन, चार, पाच, सात.
बूट मोजले तरी, बेदाणे मोजले तरी,
धक्क्याच्या पायऱ्या उतरताना तर हटकून.
पाचानंतर एक लहानशी उडी
आणि पाय थेट सातावर.

चार वर्षांचा आहे. नाक कायम वाहतं.
मी बालवाडीच्या वहीत लिहिलं,
माझ्या नीटनेटक्या अक्षरात : सहा गाळतो.
खाली रेघ मारली.
मग महिनाभर त्याच्यापुढे सहाच सहा मांडले.
सहा शिंपले, सहा लोकरीचे गोंडे,
सहा बटाटे, उकडलेले, सालासकट.
बटाटे त्यानं खाल्ले.
"किती झाले?"
"एक मऊ होता. एकाला डोळा होता.
एकाला माती राहिली होती, ती मी पुसली."
मी विचारते काय, हा सांगतो काय.

मे महिन्यात पाच मुलांना घेऊन
होडीनं हाल्डोरच्या बेटावर गेले.
हेल्गेलांडच्या या किनाऱ्यावर
वसंतात आयडर बदकं समुद्रातून चालत वर येतात,
जड पावलांनी, माहेरी आल्यासारखी.
हाल्डोर त्यांच्यासाठी दगडांची,
वाहत आलेल्या फळ्यांची बुटकी घरं रचतो,
आत वाळलेलं शेवाळ झटकून, ऊन देऊन अंथरतो,
बाळंतिणीची खोली लावावी तसं.
दोन महिने तोच करडा स्वेटर घालतो.
नवा रंग पाखरांना खपत नाही, म्हणतो.
(स्वेटरचा वास मुलांना खपत नव्हता, ते वेगळं.)

त्यानं मुलांना बजावलं :
पळायचं नाही.
बोट दाखवायचं नाही.
आणि जी अंड्यांवर बसलीय
तिला मोजायचं तर मनात.
तिचा आकडा तिच्या कानावर पडता कामा नये.

आम्ही गवतात पालथे पडलो.
पोटाखाली ओल, तोंडावर खारा वारा.
मी दुर्बीण लावली :
काळेपांढरे नर तीन, ते तर आंधळ्यालाही दिसावेत,
पाण्याच्या कडेला माद्या चार.
सात. झालं माझं.

एस्किलचे ओठ अजून हलत होते,
डावीकडून उजवीकडे, एकेका पाखरापाशी थांबत.
पाच.
मग तो गप्प राहिला, श्वासाएवढा.
सात. आठ.
"आठ," तो कुजबुजला.

"सहा विसरलास," मी म्हटलं. "सात आहेत."
"विसरलो नाही. सहा बसलीय."
"कुठे?"
बोट त्यानं दाखवलं नाही.
हनुवटी तेवढी पुढे केली,
आमच्यापासून दोन हातांवर,
फळीच्या सावलीत शेवाळाचा ढीग.

मी पाहिलं. शेवाळ.
पुन्हा पाहिलं. शेवाळच.
दुर्बीण खाली ठेवली,
हनुवटी मातीला टेकवली, त्याच्या उंचीवर आले,
आणि शेवाळानं पापणी मिटली.

मग चोच दिसली. मग मान.
मग तपकिरी पिसांची एकेक करपलेली कड.
एवढी सगळी ती तिथंच होती
माझं मोजून संपलं तेव्हाही.
हाल्डोर लांबून बघत होता.
काही बोलला नाही, खिशातून बेदाणे काढले
आणि एस्किलच्या मुठीत दिले.

संध्याकाळी भरती ओसरली होती.
मुलं आयांकडे पळाली.
मी धक्क्यावर एकटीच उरले,
आणि नऊ वर्षं जी पायाखाली आहे ती पायवाट
वरून खाली मोजत उतरले.
सहाव्या पायरीच्या फळीतून
एक गंजका खिळा वर आलेला,
पेराएवढा, उजव्या अंगाला,
बरोबर लहान पाऊल पडेल तिथं.

वहीतलं वाक्य खोडलं नाही.
खाली दुसरं लिहिलं, जरा वेडंवाकडं :
विचारायचं, सहा कुठे आहे.

हातोडी आणून खिळा ठोकला.
बुटांचंही उद्या बघेन.
बेदाण्यांचं मात्र
अजून कळलेलं नाही.