फ्रीज उघडायचा नाही

पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
फ्रीज उघडायचा नाही.
टेप गुंडाळायची, चौघांनी उचलायचा,
रस्त्याकडेला ठेवून यायचं.

लेक चार्ल्समधलं हे माझं अकरावं घर.
भिंतीवर कमरेइतकी पाण्याची रेघ,
बुटांत चिखल,
मास्कमध्ये माझाच शिळा श्वास.

ओडेलियाबाई अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या.
म्हणाल्या, वरच्या कप्प्यात गंबो आहे, कोळंबीचा.
अल्सीड गेला त्याआधीच्या रविवारी
त्यानंच केलेला.
त्याच्या वाढदिवसाला खरवडून चमचाभर खाते.

वीज जाऊन एकोणीस दिवस झालेले.
टेपचं टोक माझ्या नखाला सापडेना.

त्या उठल्या, आत आल्या,
फ्रीजच्या दारावर तळवा टेकवला
ताप बघावा तसा.

"न्या," म्हणाल्या,
"पण आडवा करू नका.
सांडेल."