बाद

शरणपूर रोडच्या मागे, सायकलच्या दुकानावर आमची लॅब.
पंखा लावला की पट्ट्यांवरची लेबलं उडतात,
म्हणून मार्चपासून आम्ही घामातच बघतो.

पट्टी क्रमांक बावीसशे सतरा.
शशिकला गांगुर्डे, वय एकसष्ट, जेल रोड.
जांभळ्या केंद्रकांभोवती पांढरी, रिकामी कडी.
द्राक्षाचा गर चोखून
बी तेवढी ठेवावी तशी.

रिपोर्ट समजावतात डॉक्टर. मी नुसता हातात देते.
पण खैरनार सर त्या दिवशी धुळ्याला,
आणि बाई समोर बसल्या, पर्स मांडीवर:
"गोल गोल नको. यंत्र कुठे बिघडलं ते सांग."
नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं,
तपासणीच्या टेबलावर.

मग सांगितलं, मला समजलं होतं तेवढं.
पेशीत एक पहारेकरी असतो, पी-त्रेपन्न.
नक्कल करताना चूक झाली की छपाई थांबवतो,
दुरुस्त होते का बघतो,
नाहीच झाली तर अख्खी पेशी मोडीत काढतो,
स्वतःसकट.
आणि एक असतं विकर, एन्झाइम,
वाकड्या, जुन्या प्रथिनांवर खूण चिकटवणारं.
खूण लागली की यंत्रात. तुकडे. पुन्हा कच्चा माल.

"आमची लाल पेन्सिल," बाई म्हणाल्या.

हो. तीच.
आता विषाणूचं प्रथिन येतं, ई-सिक्स,
एवढंसं, दीडशे मण्यांची माळ.
त्याच्याकडे ना पेन्सिल, ना यंत्र.
ते एका हाताने खूण करणाऱ्याचं मनगट धरतं,
दुसऱ्या हाताने पहारेकऱ्याचं कोपर,
आणि दोघांना जवळ आणतं.
एरवी त्यांची गाठ पडत नाही.
खूण लागते, धडधाकट पहारेकऱ्यावर.
यंत्र कशाला विचारतंय?

खाली कोणीतरी टायरमधली हवा सोडली.
बाई बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या,
"मनगट नसेल धरलं.
मनगट धरलं की कळतं गं, दुखतं.
शेजारी येऊन बसलं असेल कोणी, आपल्यातलंच वाटणारं,
आणि कागद पुढे सरकवत राहिलं असेल.
आठव्या तासाला माणूस कागद बघत नाही,
सरकवणाऱ्याची लय धरतो."

पुस्तकात मी हे तीनदा वाचलंय.
असं लिहिलेलं नव्हतं.

"किती वर्षांपूर्वीचं?"
पंधरा. वीसही असतील.
त्यांनी बोटांवर मागे मोजलं.
"तेव्हा हे ओझरला होते, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये,"
एवढं बोलून थांबल्या.
मी पुढचं विचारलं नाही. पट्टीवर ते दिसत नाही.
म्हटलं, बहुतेकांना होतो हो हा, आणि बहुतेकांचा आपोआप जातो.
"मग बहुतेकांत मी नाही. एवढंच ना?"

दुसरंही एक प्रथिन आहे, ई-सेव्हन,
दाराची कडी आतून काढणारं.
ते सांगायचं राहून गेलं.

उठताना पट्टी मागितली. द्यायची नसते. दिली.
खिडकीशी गेल्या, उजेडात धरली, डोळा बारीक केला,
हात सवयीनेच तिरपा झाला,
पाण्यातली छाप बघायला व्हावा तसा.
"तार नाही हिच्यात," म्हणाल्या, आणि हसल्या,
मला हसता आलं नाही.

नात अकरा वर्षांची आहे त्यांची, सिन्नरला.
तिला लस कुठे मिळेल, विचारलं.
पाकिटाच्या मागे सिव्हिलचा पत्ता लिहून घेतला,
मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून.
आणि अंगठा जिभेला लावून
रिपोर्टची पानं मोजली.
तीनच होती.
दोनदा मोजली.