रकाना

सामन्याची वही माझ्याकडे असते,
भुसावळच्या रेल्वे मैदानावर, गेली एकोणीस वर्षं.
छापील रकाने : गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला,
पेनल्टी कॉर्नर, हिरवं कार्ड, पिवळं कार्ड,
पंचांची सही.
अडवलेल्याला रकाना नाही.
मी कधी मागितलाही नाही.

एप्रिलमधला अंतिम सामना. साडेपाच वाजले तरी
सिमेंटच्या पायऱ्यांवर बसवत नव्हतं,
लोक खाली पेपर घालून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन.
लोको शेड विरुद्ध नाशिक.
आमच्या गोलमध्ये सुपडू तडवी,
यावलकडचा, रेल्वे फाटकावर ड्युटी करणारा,
अंगावर एवढा फोम
की कुणीतरी म्हणालं, गादीच उभी केलीय.

पहिल्या अर्ध्या तासात
एक त्यानं पायानं अडवला, एक हेल्मेटनं,
एक नुसता आडवा पडून.
लोक शेंगा सोलत होते.

एकेचाळिसाव्या मिनिटाला
डीच्या कडेवरून आलेला मरतुकडा चेंडू,
कुणी नीट मारलाही नव्हता,
त्याच्या दोन पायांमधून गेला,
अर्धवट लोटलेल्या दारातून मांजर जावं तसा,
घाई न करता.

"आरे भो, डोये फुटले का तुह्ये?"
"फाटक उघडं ठेवून आला रे हा!"
या दुसऱ्याला सगळ्यात मोठा हशा मिळाला.
तो माझा होता.
वही मांडीवर, पेन कानावर, मी.

मग सुपडूनं एक सोपा चेंडू थांबवला,
शेंबड्या पोरानंही थांबवला असता असा,
आणि सगळ्या पायऱ्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या.
शिवीपेक्षा ती टाळी वाईट.
हेल्मेटच्या जाळीमागं काय झालं, दिसलं नाही.

हरलो. एक-शून्य.
आमच्या चार फॉरवर्डांना सत्तर मिनिटांत
एक गोल जमला नाही,
हे त्या संध्याकाळी कुणाच्या तोंडी आलं नाही.

रात्री शेडमागच्या नळावर तो भेटला.
पॅड भिंतीला टेकवून वाळत टाकलेले,
पाय बादलीत, हातात फोन.
फोनवर बर्फ.
कुठल्याशा गोठलेल्या गावात
पायांना पाती बांधून माणसं हॉकी खेळत होती,
आणि इथं डोक्यावरचा पत्रा अजून फुफाटा टाकत होता.
गोलमधला गडी मुखवटा वर सारून पाणी पीत होता.
त्याच्या मागं काचेला चिकटलेली तोंडं,
आवाज बंद केलेला,
तरी ती काय म्हणताहेत
ते आम्हा दोघांनाही कळलं.

मी म्हटलं, लोक जरा जास्तच...
"नाही," तो म्हणाला. "तो गोल माझाच.
पाय मिटायला उशीर झाला.
ओरडू द्या. मुकं मैदान मला नको.
फक्त बाकीचेही मोजत जा."
फाटकाच्या विनोदाबद्दल तो काही बोलला नाही.
मीही नाही. लांब यार्डात
केळीच्या वाघिणी एकमेकींना धडकत होत्या.

घरी येऊन वही उघडली,
आठवून आठवून समासात पेन्सिलीनं रेघा मारल्या.
नऊ. कदाचित दहा.
एक मी शेंगांचे पैसे देताना झाला असेल.

शनिवारी सेक्रेटरीसाहेबांनी वही चाळली :
हे काय, नातवानं रेघोट्या ओढल्या का?
मी हो म्हणालो.
त्यांनी खोडरबर पुढं केला. मी घेतला.
अजून खिशात आहे.

आज सुपडू बाकावर.
गोलमध्ये चोपड्याचा नवा पोरगा, पॅड त्याला मोठे होतात.
तिसऱ्याच मिनिटाला त्यानं स्टिकच्या टोकानं
एक बाहेर काढला.
कुणी मान वर केली नाही.
सुपडूनं मात्र वळून
माझ्या हाताकडे पाहिलं.