जिन्सी नाला नंबर दोन

दिवसभर मी दातांना रंग देते.
पोर्सेलीनचे दात. माणूस दिसत नाही,
नुसती चिठ्ठी येते: ए-तीन, मुळाशी जरा पिवळट.
रात्री त्याच कोरणीने
रणगाड्याच्या पत्र्यांमधल्या फटी साफ करते.

रणगाडा तळहाताएवढा. चाकं नाहीत.
तरंगतो म्हणे,
शनीच्या कुठल्याशा उपग्रहावर.
खाली पारदर्शक काडी आहे, तिच्याकडे बघायचं नाही
असा खेळणाऱ्यांचा आपसातला करार.

मे महिन्यात अस्तराचा रंग मारणं म्हणजे
लूशी शर्यत.
फवारा पोचायच्या आत हवेतच वाळतो
आणि चिलखतावर रवा सांडल्यासारखा थर बसतो.
पहिला गाडा असाच गेला.
दुसरा पहाटे साडेचारला गच्चीवर नेला.
किल्ला अजून नुसता काळा होता.
शेजारच्या गच्चीवर शितोळेकाका उठून बसले: कौन है?
मीच, काका. रणगाडा रंगवतेय.
बरं, म्हणाले, आणि कूस बदलली.

लष्करात राहतो आम्ही. पलीकडे कंपू.
गल्ली जिन्सीची, म्हणजे तोफखान्याची.
रणगाड्याचं इथे कुणाला काय.

मग पातळ हात, दुधाच्या सायीहून पातळ,
एक वाळला की दुसरा, असे पाच.
गंजासाठी मात्र मी छोट्या लाइनीचा डबा बघून आले,
श्योपूरची गाडी बंद झाल्यापासून उभा असलेला.
कडेला केशरी, आत जांभळट,
आणि खिडकीखाली ओघळ, बशीत वाळलेल्या चहासारखा.
भाचा म्हणाला, मावशी, तिथे प्राणवायूच नाही,
गंजेल कसा?
इथे गंजला, म्हटलं. मग गेला.

झाकणाखाली चालक बसलाय, डोकं मोहरीएवढं.
झाकण बंदच राहणार, तरी रंगवला.
श्वास धरून, दोन ठोक्यांच्या मधे,
त्याला दात दिले. ए-तीन.
झाकण चिकटवायचं राहिलं.
राहिलं म्हणजे,
डिंक हातात होता.

शनिवारी खासगीवाल्यांच्या क्लासात,
बारावीची पोरं गेल्यावर, चार बाकं जोडून युद्ध.
थर्माकोलचे डोंगर, फळ्यावर अजून कुणाचंतरी समाकलन.
फैझानचा पहिलाच डाव. फासे टाकले:
सहा, सहा, पाच.
एकोणचाळीस रात्रींचा माझा गाडा
एक पाऊल न टाकता मेला.
सॉरी आंटी, म्हणाला, आणि नियमाप्रमाणे
त्याने तो उलटा केला.

झाकण पडलं.
फैझानने उचलून ट्यूबलाइटखाली धरला,
मग मोबाइलचा दिवा लावला,
मग त्याची पाळी आली तरी खेळेचना.
अरे, इसके तो दाँत हैं.
सगळे वाकले. भाचाही.
मी फळ्याकडे बघत बसले. उत्तर चुकलं होतं बहुतेक.

परत आणला तो गजकाच्या डब्यात,
फोममध्ये खाच करून.
घरी बघते तर बैठकीवर तीळ चिकटलेला,
वाळूच्या अगदी कडेला.
चिमट्याने काढायला गेले.
मग त्या मापात बघितलं,
चालकाच्या गुडघ्याएवढा धोंडा.
करड्याचा एक हात दिला.
वाळेपर्यंत दुसरी चिठ्ठी उघडली:
खालची दाढ, बी-दोन.